मागचा तंबोरा

गायक थांबतो तेव्हा मागे काय ऐकू येतं, यावरून मी घरातल्या यंत्राची पारख करतो. त्या मधल्या जागेत तंबोरा असायला हवा. माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं तिथे भलतंच काहीतरी होतं.

पनवेलच्या लाईन आळीतल्या घरी आधी रेडिओ होता. सकाळचं शास्त्रीय गायन वडील दाढी करता करता ऐकत. मध्यम लहरींवर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येत नाही. त्यामुळे गळा यायचा, तबला यायचा, पण घोडीवरच्या दोऱ्यामुळे तारेला येणारी जवारीची झणझण वाटेतच राहायची. मग टेपरेकॉर्डर आला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. आतला रबरी पट्टा सैल झाला की सूर हेलकावे खातो, आणि ते गळ्याच्या आधी तंबोऱ्यात कळतं, कारण त्याने जागचं हलायचंच नसतं. दोन आलापांच्या मध्ये फितीची सरसर भरलेली असे. तान कधी सुरू होते याची वाट बघत मी विलंबित पुढे ढकलायचो आणि थेट द्रुत लावायचो.

तंबोरा खऱ्या अर्थाने ऐकला तो इथल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात. पडदा उघडायचा होता, माइक बंद होते, आणि विंगेत कुणीतरी तंबोऱ्यांची जोडी मिळवत होतं. त्या लागलेल्या सुरात पुढच्या रांगांतली कुजबुज आपोआप थांबली. गाणं सुरू होण्याआधीच मैफल जमली होती.

घरी मात्र संगणक आला आणि मागची जागा आणखी बिघडली. तेव्हाच्या १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्री फाइलमध्ये सीडीवरच्या माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा उरायचा. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळणार नाही, असं धरून तो गाळायचा, ही त्यामागची युक्ती. गळ्याखाली झाकलेली जवारी पहिल्यांदा जायची. शिवाय लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून गुणगुण यायची, माउस हलवला की किरकिर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुणीत ५० आणि १०० हर्ट्झचे सूर. पेटीवर पाहिलं तर पांढरी पाचच्या किंचित वर. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्याच्या मागे महावितरण अखंड चढा पंचम लावून बसलेलं!

यावर उपाय म्हणून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड, असं करत लॅमिंग्टन रोडला गेलो आणि डॅक आणला. तळहाताएवढी डबी. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर चॅनलमागे सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. त्या आकड्यांचा विद्युतदाब करायचा आणि तो अँप्लिफायरला द्यायचा, एवढंच डॅकचं काम. हे काम लॅपटॉपमधली चिपही करते, पण प्रोसेसर, पंखा आणि वीजपुरवठ्याच्या गर्दीत बसून. डॅक ते त्या गर्दीच्या बाहेर येऊन करतो. यूएसबीच्या तारेतूनही गुणगुण थोडी आलीच, तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याने लॅपटॉपऐवजी डेस्कटॉपवरून ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून नुसता प्रकाश जातो, त्यामुळे अर्थिंगचा फेराच तुटला. विंडोजच्या सेटिंगमध्ये ४८,००० होतं ते ४४,१०० केलं, म्हणजे वाटेत आकडे पुन्हा मोडून-जोडून घ्यायला नकोत.

जुन्या एमपी-थ्रीमध्ये काही फरक पडला नाही. गाळलेलं परत आणायची विद्या डॅककडे नाही. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यावर जो फरक पडला, तो तर फुकटचा होता आणि डॅकहून मोठा होता.

मग सीडीवरून नीट उतरवून घेतलेला अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. झुमऱ्यातला अतिविलंबित. याच मारव्याची कॅसेट एकदा ऐकून मी कपाटात टाकली होती, फार संथ म्हणून. मारव्यात गायक षड्जावर सहसा टेकत नाही. कोमल रिषभावर रेंगाळतो, धैवतावर जातो, षड्जाला बगल देतो. ती हुरहुर कळायची तर ज्याला टाळलं जातंय तो षड्ज मागे सतत वाजत असायला हवा. तो तंबोऱ्याकडे असतो. फितीच्या सरसरीत तो बुडाला की उरतो तो एक माणूस, सावकाश गाणारा.

चाळिशीनंतर मला विलंबित आवडू लागलं ते वय वाढल्यामुळे, असं मी अनेकांना सांगितलंय. त्यात वयाचा वाटा असेलही. पण आवडीनिवडी घडवण्यात घरातल्या यंत्रांचाही हात असतो, हे मला आता नाकारता येत नाही. जे मला कंटाळवाणं वाटत होतं त्यातला किती भाग गायकाचा आणि किती टेपरेकॉर्डरच्या पट्ट्याचा, हे तपासायला हवं. म्हणून सध्या ‘संथ’ म्हणून बाजूला टाकलेल्या ध्वनिमुद्रणांची यादी काढून पहिल्यापासून ऐकतोय. विलंबितासकट, पुढे न ढकलता.