हवेतलं ‘हो सर’

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था येणार, वर्षाला 180 वैमानिक घडवण्याचं नियोजन आहे, हेही पेपरात आलं. अमरावती म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्याचा शेजार. तेव्हापासून पालक मला दोन गोष्टी विचारतात. खर्च किती? आणि उर्दू माध्यमातल्या पोराला जमेल का? खर्चाचा आकडा ऐकून बरेचसे अब्बा चहा अर्धा टाकून उठतात. दुसऱ्याचं उत्तर ‘जमेल’ असं आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, डोळे-कान तपासून घ्यायचे, व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पोरगं शिकताना चुकणारच, तेव्हा काय होतं?

माझा एक जुना विद्यार्थी सध्या परराज्यातल्या एका संस्थेत उडायला शिकतो आहे. जुम्म्याच्या दिवशी त्याचा फोन येतो. सुरुवातीचे कित्येक आठवडे तो कुठेही गेला नाही, नुसता धावपट्टीभोवती फिरत होता. त्याच्या अम्मीला हे काही पटेना. एवढे पैसे भरून पोरगा गोल गोल फिरतोय!

या फिरण्याला सर्किट म्हणतात. प्रत्यक्षात ती चौकट असते. उडालं, वळलं, धावपट्टीला समांतर उलट दिशेने गेलं (हा डाऊनविंड), पुन्हा वळलं (बेस), शेवटचं वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत आलं (फायनल), आणि उतरलं. जमिनीपासून उंची साधारण हजार फूट. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं, खळ्यावरच्या बैलांसारखं. बहुतेक ठिकाणी वळणं डावीकडे, कारण मुख्य वैमानिक डाव्या बाजूला बसतो आणि धावपट्टी त्याच्या नजरेत राहते. हज-उमरा करून आलेल्यांना वेगळी आठवण येईल. तवाफही असाच, डाव्या अंगाने.

धोका खरा इथेच आहे, कारण ढगांत गर्दी नसते, गर्दी धावपट्टीजवळ असते. 8 जुलै 2025 ला कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या स्टाइनबाखजवळ एकाच संस्थेची दोन छोटी सेसना विमानं हवेत धडकली. एकात केरळचा तरुण, दुसऱ्यात कॅनडाची तरुणी. दोघं उतरण्याचा सराव करत होते, एकाच वेळी धावपट्टीकडे आले आणि पोहोचण्याआधी काही शे मीटरवर आदळले. दोघंही गेले. विमानांत रेडिओ होते. सेसनाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे वरचं दिसत नाही. आणि वरच्याला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. मोठ्या विमानतळावर टॉवरमधला नियंत्रक दोघांना क्रम लावून देतो. छोट्या धावपट्टीवर बऱ्याचदा असा नियंत्रक नसतो. प्रत्येकाने रेडिओवर सांगायचं, मी अमुक, डाऊनविंडला आहे. आणि बाकीच्यांनी ते ऐकायचं. बोलणं पाठ करता येतं हो, ऐकणं पाठ करता येत नाही.

आपल्याकडेही ही गोष्ट परकी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं उड्डाण थांबवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाहून निघालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही दगावले. प्रत्येकाचं कारण वेगळं, सगळं विद्यार्थ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

विद्यार्थ्याची म्हणावी अशी चूक मला त्याने फोनवर समजावून सांगितली, ती बेसवरून फायनलला वळतानाची. पाठीमागून वारा असला की विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे सरकतं. पोराला वाटतं, रेष गाठलीच पाहिजे. मग तो पायाने रडर दाबून नाक आत ओढतो. वेग आधीच कमी. आतल्या बाजूचा पंख हवेवरची पकड सोडतो आणि विमान गिरकी घेतं. पाचशे फुटांवर ते सावरायला जागा उरत नाही. उपाय अगदी साधा: रेष चुकली तर चुकू द्या, ताकद वाढवा, वर चढा, पुन्हा फेरी मारा. याला गो अराउंड म्हणतात. तो म्हणाला, “सर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खाली दोस्त बघत असतात ना.”

हे वाक्य ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. वीसेक वर्षं वर्गात काढल्यावर ‘लोक काय म्हणतील’ हा विषय मला नवा नाही.

त्याची स्वतःची चूक याहून साधी होती. रेडिओवर सूचना आली, त्याला नीट समजली नाही आणि त्याने ‘रॉजर’ म्हणून टाकलं. शेजारी प्रशिक्षक होते म्हणून निभावलं. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, न समजता हो का म्हणालास? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आहे. आमच्या शाळांत ‘समजलं का?’ या प्रश्नाचं एकच उत्तर असतं, “हो सर.” घरी उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि वर इंग्रजी. अशा पोराला ‘पुन्हा सांगा’ म्हणायची लाज वाटते, हसतील म्हणून.

रेडिओच्या भाषेने मात्र ही लाज गृहीत धरलेली दिसते. तिथे नाईनला ‘नायनर’ म्हणतात, फाईव्हला ‘फाईफ’, कारण खरखरीत दोन्ही सारखे ऐकू येतात. महत्त्वाच्या सूचनेला नुसता होकार चालत नाही, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. ‘से अगेन’ म्हणणं हा अधिकृत शब्दप्रयोग आहे. आणि नुसतं परत म्हणणंही पुरत नाही. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून 349 जण गेले, त्यांत पोटासाठी सौदीला निघालेले कितीतरी होते. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते खाली उतरत गेलं. चौकशीत त्या वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं.

म्हणून पालकांना मी सध्या सांगतो, इंग्रजीचा क्लास लावा जरूर, पण त्याआधी पोराला घरात “अब्बू, मला नाही कळलं” म्हणू द्या. नववीच्या वर्गात मी ‘हो सर’ बंद केलंय. सूचना दिली की कुणीतरी ती आपल्या शब्दांत परत सांगायची, उर्दूत किंवा मराठीत, कशातही. पहिले आठ दिवस नुसता हशा. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पहिला भाग कळला. दुसरा तुम्ही फार भरभर बोललात.”

विद्यार्थ्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण पुढच्या महिन्यात आहे. एकच फेरी. अम्मीने दुआ मागायला सुरुवात केली आहे.