ट्रेबलचं बटण

पुतण्याच्या खोलीतून आलेला तो वास मी जिन्यातच ओळखला. तांब्याच्या तारेवरचं वॉर्निश आणि गोंद एकदम तापले की येतो तो, किंचित गोडसर. स्पीकरची कॉइल जळाली होती. पोरानं जुन्या बाजारातून भलेथोरले बॉक्स आणले, त्यांना तळहाताएवढा ॲम्प्लिफायर जोडला आणि आवाज पुरेना म्हणून बटण शेवटपर्यंत पिळलं. "ॲम्प्लिफायर तर लहान होता काका, मग जळलं कसं?" त्याला वाटत होतं, जाळायचं काम फक्त मोठे ॲम्प्लिफायर करतात. लहान ॲम्प्लिफायरला ताकदीबाहेर ओढलं की तो लहरींचे शेंडे छाटतो. छाटलेल्या लहरीत वरच्या पट्टीची भेसळ वाढते आणि ती सगळी ट्वीटरच्या, म्हणजे वरची पट्टी वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, नाजूक कॉइलवर जाऊन बसते.

हे मला शिकवलं जालन्यातल्या कादराबादच्या बोळातल्या एका उस्तादानं. दुकान कसलं, अर्धं शटर आणि एक फळ्यांचं टेबल. कुणी स्पीकर आणला की उस्ताद आधी मीटर लावत. आठ ओहमच्या स्पीकरला मीटर सहा-साडेसहा दाखवतं, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतं. सूर वाहताना येणारा अडथळा त्याला दिसत नाही. मग ते पेन्सिल सेलच्या दोन टोकांना वायरी धरून स्पीकरला टेकवत. कोन पुढं उसळला तर प्लस बरोबर, आत गेला तर उलटं. दोन बॉक्सांपैकी एकाचंही उलटं जोडलं गेलं, तर एक कोन पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि ढोलकीचा खालचा आवाज खोलीतल्या खोलीत विरून जातो.

एका दुपारी दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी घरचा बॉक्स घेऊन गेलो होतो. उस्तादांनी ट्वीटरला सेल टेकवला. बारीक 'कुर्र' झालं, मला स्पष्ट ऐकू आलं. दादा उस्तादांच्या हाताकडं बघत म्हणाले, "लाव ना."

उस्ताद म्हणाले, "भाऊ, लगाया तो!"

स्पीकरचा इतिहास चाळताना गंमत वाटते ती अशी की, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचा जोड जुळवायचा ताप पहिल्या गिऱ्हाइकांना नव्हताच. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी आजच्या धर्तीचा, कॉइल हलणारा स्पीकर 1925 मध्ये मांडला. तो 'रेडिओला 104' नावानं बाजारात आला तेव्हा ॲम्प्लिफायर त्याच पेटीत होता, 1 वॅटचा. एक वॅट! पुढं दोघं वेगवेगळ्या पेट्यांत राहायला गेले आणि जोडणी आपल्या गळ्यात पडली. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला निदान मागं 4, 8, 16 ओहमची वेगवेगळी टोकं असत; मधला ट्रान्सफॉर्मर सांभाळून घेई. ट्रान्झिस्टरवाल्यांत बहुतेकदा तो ट्रान्सफॉर्मर नसतो. आठ-आठचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, तसे चार जोडले की दोन. ओहम जेवढे कमी, करंट तेवढा जास्त, आणि मग उस्तादांकडं खेप ठरलेली.

पण माझा खरा राग पीएमपीओवर, म्हणजे डब्यावरच्या फुगवलेल्या वॅटवर आहे. नव्वदच्या दशकात ज्या डब्यावर पाहावं त्यावर सोनेरी अक्षरांत हजार-दोन हजार वॅट पीएमपीओ. आत ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्ट, दोन अँपियरचा. बारा दुणे चोवीस. भिंतीतून सलग येणारेच चोवीस वॅट, तर स्पीकरला हजार कुठून मिळणार? अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 1974 मध्येच नियम करून कंपन्यांना खऱ्या, सलग मिळणाऱ्या वॅटचा आकडा द्यायला लावला होता. आपल्याकडं मात्र स्टिकरवर स्टिकर चिकटत राहिले आणि जालन्याच्या घराघरांत हजार वॅटची चर्चा चालू राहिली.

मुळात वॅट हा आकडाच एकटा काही सांगत नाही. स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल देतो, ते आधी बघायचं. एक 90 देतो, दुसरा 84. या सहाच्या फरकापोटी दुसऱ्याला चौपट वॅट पाजावे लागतात, कारण दर 3 डेसिबलला ताकद दुप्पट लागते. दहा-पंधरा खरे वॅट आणि 90 चा स्पीकर असला तर बारा बाय दहाच्या खोलीत भजनाची कॅसेट भरून उरते.

आमच्याकडं नेमकं तसंच होतं आणि तरीही घरात रोज भांडण व्हायचं. दादा ट्रेबलचं बटण उजवीकडं टोकाला नेऊन ठेवायचे. आई ते मागं घ्यायची, तिचं डोकं दुखायचं. "टाळ कुठं गेले मग?" दादा विचारायचे. टाळ होते. कानात खुपतील इतके होते.

दादा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये होते, सळई कापायच्या कात्रीवर. सळई आणि बियाणं यांवर जालना जगतं. घरी आले की ते मोठ्यानं बोलायचे आणि आम्ही त्याला मिलची सवय म्हणायचो. कानाला प्लग लावलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. साहेबांनी दिले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेची कामगार-आरोग्य संस्था 85 सांगते, आणि त्यापुढं दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा करते. 88 ला चार तास, 91 ला दोन. तोच तीनाचा हिशेब, फक्त इथं कॉइलऐवजी कान जातो.

असा कान सगळा एकदम जात नाही. 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो. ढोलकी ऐकू येते, माणसाचा आवाज ऐकू येतो. टाळ, स, श, त, कुकरची बारीक शिट्टी आणि ट्वीटरची 'कुर्र' गळून पडते. "लाव ना" म्हणाले तेव्हा दादा पंचेचाळिशीचेही नव्हते.

त्यांना कानाचं यंत्र मिळालं ते साठी उलटल्यावर. यंत्र म्हणजे माइक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर, तिन्ही शेंगदाण्याएवढ्या जागेत. फरक इतकाच की याची जोडणी ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, बघून करतात; ज्या पट्टीत खड्डा तिथंच आवाज वाढवतात, बाकीचा तसाच ठेवतात. सगळ्या पट्ट्या सरसकट वाढवल्या तर म्हातारं माणूस यंत्र काढून खिशात ठेवतं, आणि घरचे म्हणतात, वापरतच नाहीत. कानाच्या आतल्या मेलेल्या पेशी मात्र कुठलंही यंत्र परत आणत नाही.

घरात कुणी टीव्हीचा आवाज महिन्यागणिक एकेक घर वाढवत असेल, ट्रेबल टोकाला नेत असेल, तर नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी त्याच्या कानांची ऑडिओमेट्री करून घ्या. फार वेळ लागत नाही. आणि तो मिलमध्ये, जिनिंगमध्ये किंवा डीजेच्या गाडीवर कामाला असेल, तर टीव्हीची वाट बघू नका.