चार फुटांची बार्शी लाइट

घरात रेल्वे मांडायची म्हणून माझ्याकडे सल्ल्याला येणारा प्रत्येक जण आधी गाडीबद्दल बोलतो. कुणाला डेक्कन क्वीन हवी असते, कुणाला वंदे भारत. मी त्यांच्या हातात टेप देते आणि घरातली भिंत मोजून यायला सांगते. साधा हिशेब आहे. एलएचबी डबा सुमारे २४ मीटरचा. १:८७ या प्रमाणात, म्हणजे ज्याला आम्ही एचओ म्हणतो त्यात, तो साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. २२ डब्यांची गाडी सहा मीटर. दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांत लांब भिंत चार-साडेचार मीटरची, आणि तिच्यात एक दार असतंच.

मग माणसं डबे कमी करतात आणि गोल मांडायला निघतात. एचओमधल्या सर्वांत आखूड तयार वळणाची त्रिज्या ३६-३७ सेंटिमीटर असते, म्हणजे फेरा पुरा करायला तक्ता किमान ८० सेंटिमीटर रुंद हवा. तो भिंतीला लावला तर मागच्या रुळापर्यंत हात पोचत नाही, पलंगावर मांडला तर रात्री उचलावा लागतो. एन प्रमाणात, १:१६० मध्ये, हेच काम ५०-५५ सेंटिमीटरमध्ये भागतं. पण जागेचा प्रश्न सुटला तरी खरी अडचण उरतेच. गोल फिरणाऱ्या गाडीला कुठे जायचं नसतं. चार दिवस घरातले सगळे बघतात, पाचव्या दिवशी तक्त्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडतात.

कोथरूडचं भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. पुण्यातल्या कित्येकांना हा नाद तिथे लागला, मलाही. तिथे एक अख्खं शहर हलताना दिसतं आणि घरी येताना डोक्यात तेच शहर असतं. मला वाटतं, पहिल्या मांडणीसाठी ते शहर तेवढं डोक्यातच राहू द्यावं. फळीवर आणावी एक जागा, जिथे रेल्वे काहीतरी काम करते आहे.

माझी जागा ठरलेलीच होती. माझं आजोळ बार्शीचं. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, ट्रंका हमालाच्या डोक्यावर द्यायच्या आणि त्या बुटक्या गाडीत जाऊन बसायचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली ही बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. गाडी अरुंद असली तरी तिने भरपूर माल वाहिला पाहिजे, हा कॅलथ्रॉपचा आग्रह. म्हणून कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असा हिशेब त्याने डबे, वाघिणी आणि इंजिन सगळ्यांना लावला, आणि इंजिनाचं वजन वाटून देण्यासाठी त्याला चाकांच्या जोड्या वाढवल्या. रूळ हलके, गाडी मात्र कामाची. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. कापूस आणि वारकरी, दोन्ही तिने वाहिले. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

कमी जागेसाठी मी हीच गाडी का सुचवते? एचओच्या रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोपातलं प्रमाण माप. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. त्यामुळे एचओ रुळांवर उभा केलेला भारतीय डबा पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. प्रमाणात जवळजवळ तीन मिलिमीटर कमी पडतात आणि ते नजरेला कळतात. आता एनचा ९ मिलिमीटरचा रूळ घ्या, पण वरचा डबा १:८७ चाच ठेवा. ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३. बार्शीचं माप ७६२. प्रमाणात फरक पाव मिलिमीटर! जगभर एचओई म्हणून ओळखलं जाणारं हे माप आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या गाडीला असं अंगाबरोबर बसतं, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता आईला उठवून सांगितलं होतं.

खाली एन प्रमाणातल्या छोट्या इंजिनाची तयार चाकं-मोटर वापरायची आणि वरचं अंग प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून करायचं. इंजिन ८ सेंटिमीटरचं, वाघीण ७ सेंटिमीटरची. तिच्याशेजारी उभा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, पण त्याचं मुंडासं रंगवता येतं. एनमध्ये तो सेंटिमीटरभर उरतो. जागा कमी असताना चेहरे दिसण्याइतकं मोठं प्रमाण मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

रुळांची मांडणी मात्र मी बार्शीहून घेतली नाही. ती ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांची आहे, इंगलनूक नावाची. दोन सांधे, तीन फाटे. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन, आणि पुढच्या तुकड्यावर इंजिन अधिक तीन. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावून द्यायची. एक वाघीण काढायला दुसऱ्या दोन कुठेतरी ठेवाव्या लागतात, त्या ठेवल्या की तिसरीची वाट अडते. असे ६७२० क्रम होतात. रोज एक लावला तरी अठरा वर्षं पुरतील. माझ्या मापांनी इंजिन आणि तीन वाघिणी २९ सेंटिमीटर, दोन सांधे २४, पाच वाघिणी ३५. बेरीज ८८. म्हणून १२० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद फळी ऐसपैस होते. पुस्तकांच्या कपाटावर बसते. ती छातीच्या उंचीवर लावा. खरी गाडी आपण जमिनीवर उभं राहून बघतो, विमानातून नाही.

फळी १२ मिलिमीटर प्लायची घ्यावी, खालून पट्ट्या मारून, आणि कडांसकट सगळ्या बाजूंना रंग द्यावा. पावसाळ्यात प्लाय जिथून ओल पिते तिथूनच वाकते. त्यावर कॉर्क, कॉर्कवर रूळ. वीज १२ व्होल्टची. इथे एकाच गोष्टीत काटकसर करू नये. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर सोल्डर करा. जोडपट्ट्यांवर भिस्त ठेवली तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्या काळवंडतात आणि इंजिन मध्येच थबकतं. सांधेही असे घ्या, की रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा धातूचा असेल. प्लॅस्टिकचा स्वस्त पडतो, पण चार चाकांचं छोटं इंजिन शंटिंगच्या संथ चालीत नेमकं त्याच्यावर मरतं. आणि इथे सगळी मजा संथ चालीतच आहे.

मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बार्शीची जमीन काळी. मी मामाच्या शेतातली मूठभर माती आणली, उन्हात वाळवली, खलात कुटली आणि चहाच्या गाळणीतून दोनदा गाळली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक चुंबक तिच्यावरून फिरवलं. बाहेर आलं तेव्हा त्याला काळ्या मिशा फुटल्या होत्या. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, तेच मातीत उतरतं. ते कण रुळावर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर आतून खरवडली जाते. पिशवी उलटी करून मिशा कागदावर झटकायच्या, पुन्हा चुंबक फिरवायचं. मला सात वेळा फिरवावं लागलं. सातव्या वेळी पिशवी कोरी आली.

खडीलाही हीच चाळणी. ती रुळांत कोरडीच पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरांमध्ये बसवायची, पाण्याचा फवारा मारायचा आणि मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, वर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडायचं. साबण नसेल तर थेंब खडीवर मोत्यासारखा बसून राहतो, असला तर क्षणात आत शिरतो. माझ्या पहिल्या फळीवर तो सांध्याच्या पात्यांखालीही शिरला. सकाळी पाती दगडासारखी घट्ट. गरम पाणी आणि ब्लेड घेऊन तीन संध्याकाळी बसले, तरी एक पातं वाकलंच आणि सांधा नवा आणावा लागला. तेव्हापासून सांध्याच्या आजूबाजूला मी खडी चिकटवत नाही, तेवढ्या भागात मातीच्या रंगाची सपाटी ठेवते. जुन्या छोट्या यार्डांत रूळ असे मातीत बुडालेले असायचेच.

वाघिणी सुटायला हात लावावा लागू नये. चिमट्यासारख्या जोडण्या बसवा आणि बांबूची बारीक काडी टोकाला चपटी करून घ्या. दोन जोडण्यांच्या मध्ये घालून जरा फिरवली की त्या सुटतात. कापसाच्या गाठी मी गोणपाटाच्या धाग्याने बांधल्या आहेत, प्रत्येकीला दोन वेढे.

आणि पुढच्या तुकड्याच्या टोकाला बफर लावू नका. तिथला रूळ थेट फळीच्या कडेपर्यंत न्या आणि कडेच्या पट्टीत बोल्टसाठी दोन भोकं पाडून ठेवा. माझी भोकं नऊ वर्षं रिकामी होती. या पावसाळ्यात दुसरी फळी कापून झाली, तिच्यावर पंढरपूरचं स्टेशन येणार आहे. आषाढीचा फलाट भरायला दोनशे माणसं लागतील असा अंदाज आहे. त्यांतली एकवीस रंगवून झाली, दोघींच्या डोक्यावर तुळस आहे.