लुटीला परवानगी

डोंबिवली पूर्वेला अजून काही जुन्या तीन मजली इमारती टिकून आहेत. त्यांना लिफ्ट नाही, पण गच्ची मात्र ऐसपैस. आठवडाभर तिथे वाळत घातलेल्या चादरी, पाण्याची टाकी आणि उन्हाला बसलेली एखादी आजी, एवढाच काय तो संसार. खाली सगळं गाव लोकलच्या वेळापत्रकावर चालतं. सकाळची फास्ट पकडून गेलेले आईबाप परततात, तोवर पोरं जेवून पेंगुळलेली असतात. म्हणून इथली घरगुती कार्यं शनिवार-रविवारच्या वाट्याला येतात, आणि जानेवारीच्या उतरणीला तर गच्चीला उसंत नसते.

यंदा २०२६ साली पंचांगानं आणि सरकारनं मिळून आमची सोय पाहिली. रथसप्तमी रविवारी, २५ जानेवारीला आली आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन. बहिणीच्या घरी शनिवारी थोरलीचा पाचवा वाढदिवस आणि रविवारी धाकट्याचं बोरन्हाण असा जोडकार्यक्रम ठरला. पुण्या-नाशिकची मंडळी आली, भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या पडल्या आणि बाथरूमसमोर रांग लागली.

वाढदिवस कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये होता. जंगलाचा देखावा, फुग्यांची कमान, केकवर साखरेचा सिंह. सगळं मुलांसाठीच, पण पहिला तासभर मुलांच्या कानांवर एकच पाढा: फुग्यांना हात नको, फोटो व्हायचेत. केकला बोट नको. भेटवस्तू आत्ता नको, जाताना मिळेल. जादूगारानं एका बाहीतून रंगीत फीत काढायला घेतली, तर पुढे बसलेल्या चिमुरडीनं जाहीर केलं, "काका, दुसऱ्या बाहीतपण आहे." मेणबत्ती पेटवली की शेजारचा पोरगा पुढे होऊन फुंकर मारायचा. पुन्हा पेटवली, पुन्हा फुंकली. शेवटी उत्सवमूर्तीनंच तोडगा काढला, "त्याचाच वाढदिवस करा. मला फक्त सिंह द्या."

कार्यक्रमाला खरा रंग चढला तो अगदी शेवटी. छताला टांगलेला, गोळ्या-चॉकलेटांनी भरलेला मोठा फुगा कुणीतरी टाचणीनं फोडला. वरून खाऊ पडला आणि क्षणात सगळं जंगल जमिनीवर आलं. कोण कुणाच्या पाठीवर, कुणाचा फ्रॉक टेबलाखाली. इतका वेळ आयांच्या मागे लपलेली दोन लाजाळू बाळंही कोपरं मारत घुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर हवेत गारवा होता. लांब मलंगगडाची रांग धूसर दिसत होती, मधूनच गाडीचा भोंगा ऐकू येत होता. बहिणीच्या सासूबाईंनी रांगोळीत सात घोड्यांचा सूर्याचा रथ काढला, गोवऱ्या पेटवल्या आणि संक्रांतीच्या सुगडात दूध ठेवलं. रथसप्तमीला हे दूध मुद्दाम उतू घालवायचं असतं. ते फसफसून बाहेर आलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. थोरली मात्र बारीक डोळ्यांनी पाहत होती. "आजी, परवा आईचं दूध उतू गेलं तेव्हा तू रागावलीस. आज नमस्कार का?" सून रांगोळीच्या डब्यात काहीतरी शोधू लागली. सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते गॅसवर गेलं होतं. हे सूर्याला गेलं."

संध्याकाळी बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहानग्यांचं हे कौतुक करायची रीत आहे. एरवी मंगलकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग या दिवसांत मिरवायचा. दीड वर्षाच्या भाच्याला काळं झबलं, त्यावर हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद आणि हातात हलव्याचीच बासरी. हे दागिने जवळून पाहावेत. परातीत तीळ किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवायचा, पाकाचे थेंब सोडत बोटांनी तासन्‌तास फिरवायचा, तेव्हा कुठे त्या पांढऱ्या दाण्याला काटे फुटतात. मग ते दाणे ओवायचे. एवढ्या खटाटोपाचा हार बाळानं पाटावर बसताक्षणी तोंडात घातला. बाजूबंद आत्येभावानं आधीच चाटून गुळगुळीत केला होता. बासरीचं एक टोक कुठे गेलं याची चौकशी कुणी केली नाही.

औक्षण झालं. वाटी वाटीनं डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या आणि अर्थातच चॉकलेटं ओतली गेली. बाळानं भोकाड पसरलं, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता? सतरंजीवर कालचीच झुंबड. एकानं कानटोपी भरली, एकीनं परकराचा ओचा. एक तत्त्वनिष्ठ बाई फक्त लाल गोळ्या वेचत होती आणि हिरव्या परत टाकत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "हिरव्या कच्च्या आहेत."

ज्या कुणी हा विधी पहिल्यांदा योजला, त्याला किंवा बहुधा तिला मुलं नीट कळली होती. मूल खाली पडलेलं उचलतं, दागिना चाटतं, दुसऱ्याच्या हातातलं ओढतं. वर्षभर आपण त्यासाठीच ओरडतो. इथे तेच धार्मिक कृत्य ठरवलं. दूध सांडायचं, काळं घालायचं, जमिनीवरचं लुटायचं, असं घरातल्या वर्षभराच्या तीन तक्रारींना या दिवसांत चक्क मान दिलेला आहे. वाढदिवसातही पोरांना लक्षात राहिला तो फुगाच, आणि त्या फुग्याला कुणी काहीही म्हणो, ते बोरन्हाणच. सजावट मोठ्यांच्या हौसेची असते. ती असावीही, आमचेही फोटो छान आले. पण मुलांचा सण सुरू होतो तो काहीतरी वरून पडतं आणि "घ्या रे!" अशी हाक येते तेव्हाच.

पोरांनी हे चांगलंच मनावर घेतलं होतं. सोमवारी सकाळी इमारतीच्या अंगणात झेंडावंदन होतं. सगळे सावधान. सेक्रेटरीकाकांनी दोरी ओढली, तिरंगा उलगडला, त्यातून फुलांच्या पाकळ्या खाली आल्या आणि राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आत आमची अख्खी फौज खांबाखाली होती. लाल गोळ्यांवालीनं दोन मुठी झेंडूच्या पाकळ्या गोळा केल्या, हुंगल्या आणि काकांकडे मान वर करून विचारलं, "चॉकलेटं घालायला विसरलात?"