घराला कुलूप लागण्यापूर्वी

लोंढ्याहून गोव्याकडे निघालेली आगगाडी दूधसागराचा घाट उतरते, कुळे आणि सावर्डे मागे टाकते आणि सासष्टी तालुक्यात चांदरला येऊन थांबते. प्राचीन काळी चंद्रपूर या नावाने कदंब राजांची राजधानी असलेले हे गाव आज शांत खेडे आहे. तेथे ब्रागांझा घराण्याचा लांबच लांब वाडा उभा आहे. छप्पर एक, परंतु संसार दोन: पश्चिमेचा भाग मेनेझिस ब्रागांझा शाखेचा, पूर्वेचा ब्रागांझा परेरा शाखेचा. पत्रकार लुईश द मेनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घराण्यातले. वाटणी झाली तरी वास्तू टिकली, कारण दोन्ही बाजूंना माणसे राहिली.

चांदरहून कुडतरी, राय, लोटली अशी वाट धरली म्हणजे चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असलेली कितीतरी घरे दिसतात. त्यांतील पुष्कळांना कुलपे आहेत. एक कौल सरकले की पावसाचे पाणी वाशात मुरते. मग वाळवीला आमंत्रण लागत नाही. मुले मुंबईत, आखातात, इंग्लंडात; आणि घरात एकटी म्हातारी आई, किंवा तीही नाही.

घर ओस पडण्यास कायद्याविषयीची अनास्थाही कारणीभूत असते. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. वारसाहक्काविषयीचा २०१२ चा गोव्याचा कायदा २०१६ मध्ये अमलात आला. लग्नाच्या वेळी निराळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. एक निवर्तल्यावर दुसऱ्याचे अर्धे राहते व उरलेले अर्धे मुलगे-मुली समान वाटून घेतात. मृत्युपत्राने स्वतःच्या हिश्श्याचा अर्धाच भाग इच्छेनुसार देता येतो. घर विकायचे तर सर्व वारस व त्यांचे पतीपत्नी यांच्या सह्या लागतात; एकमत नसेल तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. दोन पिढ्यांनी हे काम लांबणीवर टाकले, तर सह्या करणारे शोधता शोधता छप्पर खाली येते.

बेळगाव, खानापूरकडील आपल्या कुटुंबांना मात्र १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेस एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना समान. गोव्यातील नातलगांचा नियम येथे लावू नये.

वाचकहो, घराचे काय करावे, हा प्रश्न दुसरा आहे. आईने कोठे व कोणापाशी राहावे, हा पहिला. आणि तो प्रथम तिलाच विचारावा. ती तेथेच राहू इच्छित असेल, तर सारा वाडा सांभाळण्याची गरज नाही. स्वयंपाकघराशेजारची एक खोली व आतला शौचकूप नीट करावा, बाकीचा भाग भाड्याने द्यावा. घर विकणे हेही पाप नव्हे. परंतु तिला न सांगता सौदा ठरविणे अन्याय आहे.

तिची स्मृती शाबूत असतानाच सर्व भावंडांनी, बहिणींसह, एकत्र बसावे. गोव्यात एक-चौदाचा उतारा, इतरत्र ग्रामपंचायतीचा उतारा पाहावा; नावे आजोबांचीच असतील तर आधी ती दुरुस्त करावीत. घर एका मुलाला बक्षीस द्यायचे ठरले, तर वकिलाचा सल्ला घेऊन तिच्या हयातीपर्यंतचा राहण्याचा व उपभोगाचा हक्क राखून ठेवावा, आणि सांभाळाची अट दस्तऐवजातच लिहावी. ती अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे व्यवहार रद्द करून मागता येतो.

आणि देव्हाऱ्यातील क्रूस, जुनी छायाचित्रे, आजीची जपमाळ? कोणाकडे काय जावे, हे आईलाच सांगू द्यावे. तिच्या तोंडून ठरलेल्या वाटणीवर भावंडे सहसा भांडत नाहीत. तिच्या मागे तेच शब्द कोणी लिहून दाखविले, तरी ते कोणास पटत नाहीत.