पडदा काचेच्या आत की बाहेर?

नागपुरात पश्चिमेकडे तोंड असलेली बेडरूम म्हणजे एप्रिल ते जून रोज संध्याकाळची भट्टी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला अशी एक खोली आहे आणि तिथे सासूबाई झोपतात. दुपारी तीननंतर ऊन खिडकीत शिरायचं ते मावळेपर्यंत हलायचं नाही. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला की कोमट लागायची. एसी होता, पण आईंना एसीत गुडघे धरतात. त्यामुळे या खिडकीचं काहीतरी करायचं, हे घरात ठरलं.

खिडकीवर छज्जा आहे, दीड फुटी. बिल्डरने सगळ्या बाजूंना तोच दिला आहे आणि पश्चिमेला तो जवळजवळ शोभेचाच. नागपूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. मेच्या शेवटी, नवतपाच्या सुमारास, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि स्वतःची सावली पायाखाली जाते. चार वाजता मात्र तो खाली उतरून सरळ खिडकीत डोकावतो. त्या वेळी छज्ज्याची सावली काचेवर जेमतेम फूटभर पडते, उरलेली तीन फूट काच उघडी. शिवाय त्या दिवसांत सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता उत्तरेकडे बराच सरकून मावळतो, म्हणून आमच्या उत्तरेच्या स्वयंपाकघरातही संध्याकाळी ऊन येतं. उत्तरेची खिडकी थंड असते म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्याकडे पोळ्या लाटायला यावं.

आधी पडद्यांच्या दुकानात गेले. तिथे हल्ली कापडापेक्षा शब्दच जास्त मिळतात. ब्लॅकआउट, थर्मल, तीन पदरी, फोम कोटिंग. ‘‘मॅडम, हा शंभर टक्के ब्लॅकआउट आहे, खोली एकदम थंड,’’ असं म्हणून दुकानदाराने मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून दाखवला. उजेडाचा कण आला नाही, हे खरं. पण मला अंधार नको होता, गारवा हवा होता, आणि टॉर्चने गारवा तपासता येत नाही.

आमच्या एसीवाल्याकडे लांबून तापमान मोजायचं पिस्तूल असतं. ते मी एका रविवारी मागून घेतलं. (करोनाच्या काळातलं कपाळावर धरायचं यंत्र घरात होतंच, पण पडद्यावर धरलं की त्यावर नुसतं ‘हाय’ येई.) साडेचारला जुन्या जाड सुती पडद्याची काचेकडची बाजू पन्नाशीच्या वर होती आणि खोलीकडची ४३. म्हणजे पडदा ओढून घेतलेल्या त्या खोलीत चार बाय पाच फुटांचा हीटर लावल्यासारखाच होता. पडदा वर जिथे दांडीला अडकतो तिथे हात धरला, तर काच आणि पडद्याच्या मधून गरम हवेचा झोत वर येत होता. खालून खोलीतली हवा आत शिरायची, तापायची आणि वरून परत खोलीत पडायची.

यात पडद्याचा दोष नाही, काचेचा स्वभावच तसा आहे. साधी काच ऊन जवळजवळ सगळं आत सोडते. पण ते ऊन कापडावर, फरशीवर, गादीवर पडून त्याची धग झाली की ती धग तीच काच बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसलेल्या कोणालाही हे सांगायला नको. आतला पडदा कितीही जाड असला तरी तो काचेच्या अलीकडे आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी पाठीचं कापड थोडं ऊन आल्या वाटेने परत पाठवतं, म्हणून गडद कापडापेक्षा ते बरं. वर पेलमेटची लाकडी पेटी असेल तर गरम झोतही अडतो. पूर्वी घरोघरी पेलमेट असायचे, आता जुनाट म्हणून काढून टाकतात. पण हे सगळं ऊन घरात आल्यानंतरचे उपाय.

हे मला आईंनी वेगळ्या तऱ्हेने सांगितलं होतं. त्यांचं माहेर महालातलं, जुन्या वाड्यातलं. ‘‘आमच्याकडे ऊन ओसरीवरच थांबायचं,’’ त्या म्हणाल्या. मग वाळ्याच्या ताट्यांची गोष्ट निघाली. दाराबाहेर ताटी टांगलेली, तिच्यावर तासातासाला पाणी मारायचं काम लहान मुलांकडे, आणि येणाऱ्या वाऱ्याला वाळ्याचा वास. विदर्भाची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हीच ताटी नुसती ओली राहील. कूलर म्हणजे याच ताटीला पंखा बसवलेला. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांनाही व्हरांडे आणि लाकडी झिलमिल्या आहेत, त्याही काचेच्या बाहेर. आपण व्हरांडे काढले, काचा वाढवल्या आणि मग पडद्यांच्या दुकानात गेलो.

थंड देशांत जाड अस्तराचे पडदे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले ब्लाइंड वापरतात, ते हिवाळ्यात घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. कप्प्यांत कोंडलेली हवा तिथे पांघरुणाचं काम करते. तिथे ते चोख आहे. मात्र तीच जाहिरात मराठी करून नागपुरात चिकटवली, की टोरांटोच्या बर्फाचं औषध आपण उन्हाला लावतो.

शेवटी खिडकीला बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, करून घ्यायला बुरडाकडे गेले. म्हातारबाबा बांबूच्या काड्या सोलत बसले होते. खिडकीचं माप सांगितल्यावर पहिला प्रश्न, ‘‘बाहेरून लावसान ना बाई?’’ मी मुद्दाम विचारलं, आतून लावली तर? ‘‘मंग ऊन तं घरात येऊनच गेलं!’’ दुकानात तासभर जे कोणी बोललं नाही, ते यांनी हातातली सुरी न थांबवता सांगितलं. चिकेचा भाव ब्लॅकआउट पडद्याच्या निम्म्याहून कमी होता.

ती बाहेर लावायला अडचण बांबूची नव्हती, सोसायटीची होती. इमारतीचं रूप बिघडतं, असं पत्र आलं. कूलरचे गंजके स्टँड, एसीचे डबे आणि डिश अँटेना या रूपात बसतात, चिक बसत नाही! बरीच हुज्जत झाली. अखेर सगळ्यांनी एकाच रंगाची चिक लावावी, छज्ज्याच्या आत गुंडाळता यावी, यावर तोड निघाली.

चिक लागल्यावर त्याच वेळेला पिस्तूल पुन्हा रोखलं. काच बाहेरच्या हवेपेक्षा गरम नव्हती आणि आतल्या पडद्याला हात लावला तर तो पडद्यासारखाच लागला. खोली काही महाबळेश्वर झाली नाही. बाहेर ४५ असताना ती होणारही नाही. मात्र आईंना रात्री कूलरवर झोप लागू लागली. आमच्या खोलीत आता एसी २६ वर ठेवून पंखा लावला की भागतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब असा की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. नव्या एसीत सुरुवातीलाच २४ अंश ठेवण्याचा नियम २०२० पासून आहे तो त्यामुळेच. महावितरणचं बिल वरच्या टप्प्यात गेलं की पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं, तेव्हा हे सहा टक्के खिशाला कळतात.

चिकेचे त्रासही आहेत. अवकाळीच्या वावटळीत ती फडफडते, खालून दोरीने बांधावी लागते. गुंडाळून ठेवलेल्या चिकेत कबुतरं घर करायला बघतात. मृग लागला की ती उतरवून, वाळवून आत ठेवायची, नाहीतर बुरशी धरते. आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर चिक वर करून खिडकी उघडायला विसरायचं नाही, कारण रात्रीची हवा भिंतींपेक्षा गार असते आणि दिवसभराची धग तीच काढून नेते. याच कामात स्लायडिंगच्या चौकटीतला झिजलेला ब्रश बदलून घेतला. दुपारच्या झळा आणि धूळ दोन्ही त्या फटीतून येत होत्या.

भाड्याचं घर असेल, बाहेर काही टांगता येत नसेल, तर पांढऱ्या पाठीचा रोलर ब्लाइंड चौकटीच्या आत काचेला लागून बसवा. त्यातल्या त्यात तो बरा. बाहेर जागा असेल तर चिकच घ्या, आणि माप घेऊन फेब्रुवारीतच बुरडाकडे जा. एप्रिलात त्यांच्याकडे कूलरच्या ताट्यांची गर्दी असते आणि चिकेला महिना लागतो.