डिकीतलं वजन

मी गाडी शिकले ती पुण्यात. ड्रायव्हिंग स्कूलची वॅगनआर, एसी फुल्ल, शेजारी डुलक्या काढणारे सर. तेव्हा मला कुणी विचारलं असतं की गाडी पुढच्या चाकांवर चालते की मागच्या, तर 'अहो, चारही चाकांवर!' असं मी एकदम कॉन्फिडण्टली सांगितलं असतं. मास कॉमच्या सिलॅबसमध्ये हे नव्हतं ना...

उत्तर मिळालं 2025च्या जुलैमध्ये, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, आमच्या शेताच्या पांदणीत. पांदण म्हणजे शेताकडे जाणारी वाट. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळा गिलावा. महिनाभर आधी, 5 जूनला, समृद्धी महामार्ग पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला होता. तो आमच्याच तालुक्यातून जातो, ताशी 120चा स्पीड अलाउड. आणि तिथून काही किलोमीटरवर आमची पांदण, जिथे बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो.

मी वर्क फ्रॉम होमचं कारण काढून गावी गेले होते, पण खरं कारण बाबा होते. मे महिन्यात त्यांची नागपूरला बायपास झाली. छातीचं हाड जुळायला तीन महिने लागतात, तोवर उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोकला आला तर छातीशी धरायला एक छोटी उशी दिली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पोरांना दरडावणारा माणूस ती उशी घेऊन घरभर फिरायचा. मला बघवायचं नाही.

त्यांचं एकच टुमणं चालू होतं. "मले एकदा वावर दाखव." सोयाबीन पेरलेलं होतं, उगवलेलं होतं, पण ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आईने ठाम नाही म्हटलं. मी (अर्थातच!) ती दुपारची झोपल्यावर ओम्नीची किल्ली घेतली.

आमची ओम्नी सेकंड हॅण्ड आहे. मारुतीने हे मॉडेल 2019मध्ये बंद केलं, पण आमच्याकडे ते सांगायचं नाही, बाबांना राग येतो. जाताना काहीच प्रॉब्लेम आला नाही. वर ऊन, खाली वाट सुकलेली. मी अगदी हळू चालवत होते आणि बाबा उशी छातीशी धरून पुढच्या सीटवर बसले होते. बांधावर उभं राहून त्यांनी दोन-दोन, तीन-तीन पानांवर आलेलं सोयाबीन पाहिलं. बोलले काहीच नाहीत. मीही मोबाइल बाहेर काढला नाही.

मग वीस मिनिटं पाऊस पडला. फक्त वीस मिनिटं.

परतताना विहिरीपाशी थोडा चढ आहे. तिथे गाडी थांबली आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. मी घाबरून अॅक्सिलरेटर आणखी दाबला. मागून चिखलाचं कारंजं उडालं.

"रेस काहून देऊन राह्यली? खड्डा खणतं काय?" बाबा म्हणाले आणि दार उघडायला लागले. "मी ढकलतो मांगून."

माझ्या पोटात गोळा आला. आसपास कुणी नाही, फोनला रेंज नाही आणि हा माणूस खरंच उतरून गाडीला छाती लावेल, हे मला पक्कं माहीत होतं. "बाबा, तुम्ही ढकललंत तर मी इथेच बसून रडेन," मी म्हटलं. धमकी लेम होती, पण ते थांबले.

आणि तेव्हा मला माझा मावसभाऊ आठवला. तो मिनेसोटात असतो. त्याने एकदा फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला होता, त्याच्या पिकअपच्या मागे वाळूच्या पिशव्या रचलेल्या. 'बांधकाम काढलंस काय रे?' असा जोक मीच मारला होता. त्याने भलंमोठं उत्तर पाठवलं. तिथे बर्फात मागच्या चाकांवर चालणारी रिकामी गाडी घसरते, कारण इंजिनाचं वजन पुढे आणि जोर लावायचं काम मागच्या चाकांचं. चाक जमिनीवर जितकं दाबलं जाईल तितकी पकड. म्हणून मागच्या अॅक्सलवर वजन टाकायचं. वरून वाळूचा बोनस, कारण अडकलात तर तीच चाकाखाली पसरायची.

ओम्नीची केस डिट्टो तीच! इंजिन पुढच्या सीटखाली, मी पुढे, बाबा पुढे, आणि चालणारी चाकं मागची. गंमत म्हणजे हेच 796 सीसीचं इंजिन मारुती 800मध्ये पुढची चाकं फिरवायचं. (तेव्हा तुमच्या स्विफ्ट किंवा आय-टेनच्या डिकीत पोती भरू नका, बॉस. तिथे इंजिन आधीच चालणाऱ्या चाकांवर बसलेलं असतं. मागे वजन टाकलंत तर पुढची चाकं उलट हलकी होतील.)

मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग? गाडी मांगून हलकी आहे, हे मी इतके वर्षं पाहून राह्यलो. वावरातून येताना मी रिकामा कधी आलोच नाही. पोतं नाही तं निदान दोन माणसं तरी मांगं."

म्हणजे ज्ञान घरातच होतं, मी ते अमेरिकेहून मागवलं.

डिकीत खताची रिकामी पोती होती आणि विहिरीपाशी मुरमाचा ढीग. बाबांनी आधी उतरून, एका काठीने चाकाशेजारचा चिखल खुपसून पाहिला. चार बोटांवर कडक लागलं. "वरचंच आहे. खाली घट्ट आहे. दोन दिवसांची झड असती तं वजनानं गाडी अजून रुतली असती." हे भावाने सांगितलं नव्हतं.

घमेलं शोधून मी मुरूम भरला. अर्धी-अर्धी सहा पोती. एकेक वीस किलोचं तरी असेल, कारण चौथ्यालाच माझी कंबर बोलायला लागली. मागच्या सीटच्या पाठीला घट्ट टेकवून ती रचली, म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे यायला नकोत. टायरच्या खाचांतला चिखल काठीने खरवडला, चाकांपुढे मुरूम पसरला. बाबा उशी घेऊन उभे राहून सूचना देत होते. त्यांना नुसतं उभं राहणं किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. मी वर पाहत नव्हते.

मी स्टिअरिंगवर बसले, तर ते मागचं सरकतं दार उघडून आत शिरले.

"मीबी मांगंच बसतो. पहिले बहात्तर होतो, आता सत्तावनच राह्यलो. तेवढंच."

ते हसत म्हणाले. मी आरशात पाहिलं नाही.

"सेकण्ड टाक. फर्स्ट नको, झटका बसते. क्लच हळू सोड आणि मधात थांबू नको."

चाकं एकदा फिरली, मुरूम कचकन वाजला आणि गाडी सरकली. स्टिअरिंग जरा हलकं लागत होतं. चढ संपेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता. मागून फक्त "चालू दे, चालू दे" ऐकू येत होतं, वर्गात एखादं पोर पाढा म्हणताना अडखळलं की म्हणायचे तसंच.

डांबरी रस्त्याला लागल्यावर मी गाडी थांबवली आणि त्यांना पुढे यायला सांगितलं.

"राहू दे. इथं बरं आहे. आणि ते पोते घरी गेल्यावर काढजो, पक्क्या रस्त्यावर उगाच ओझं. ब्रेक लवकर लागत नाही."

घरी आई दारातच उभी होती. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे. बाबा म्हणाले, "पोरगी मुरूम आणायले गेली होती."